घरच्या माणसाला कसला पगार

बदकाची मांडी ताटात पडली, तेव्हाच विसालच्या मनात पाल चुकचुकली.

या घरात बदक कसं वाटलं जातं हे तिला पाठ होतं. कांदा आणि बेदाणे भरून हज्जा इन्शिराह बदक शिजवायची ते दोन्ही ईदांना, आणि एखादा मोठा सौदा झाला तर. एक मांडी थोरल्या मुलाची, मितवल्लीची, दुसरी धाकट्या रिफअतची. छातीचा तुकडा जिहानवहिनीला, कारण ती मितवल्लीची बायको आणि तिच्या माहेरची माणसं बोलायला कमी करत नसत. विसालला मान आणि पंख, तेही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, मान तिला आवडायची. पण आज ना ईद होती ना सौदा. उलट लेबर ऑफिसची बाई येऊन गेल्यापासून घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती. तरी भर दुपारी तिला खालच्या वर्कशॉपमधून हात धुवून वर बोलावलं, टेबलाशी खुर्ची दिली, आणि मितवल्लीने स्वतःच्या हाताने मांडी तोडून तिच्यापुढे ठेवली.

"खा. लाजतेस काय? घर तुझंच आहे."

नऊ वर्षांची असताना ती या घरात आली, बापाच्या मागोमाग आई नफीसा, हज्जाची शेजारीण, तीही गेल्यावर. आज तिशीला टेकली. घर तिचं आहे हे मात्र तिला आजच कळत होतं. तिने मांडीला हात लावला नाही.

परवा ती बाई आली, तेव्हा विसाल एका खुर्चीच्या पाठीवर सोन्याचा वर्ख बसवत होती. वर्ख बसवताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर तो उडून जातो, म्हणून तिने मान वर केली नाही. कान मात्र उघडे होते. कोरीवकाम करणाऱ्या तिन्ही कारागिरांना सरकारने ठरवलेलं किमान वेतन द्यावंच लागेल, असं बाईने सांगितलं. मग तिचा आवाज विसालच्या पाठीशी येऊन थांबला. "आणि ही?" "ही आमच्या घरातलीच," मितवल्ली म्हणाला. "घरातली म्हणजे कोण?" मितवल्ली नुसता खोकला. "पुन्हा येईन तेव्हा सांगा," म्हणून बाई गेली.

आणि आता हे बदक.

"मला एक कळत नाही," जिहान भात वाढून घेत म्हणाली. "अख्ख्या दमिएट्टा शहरात घरोघरी खुर्च्या बनतात. मग ती बाई नेमकी आपल्याच दारात कशी आली? कोणीतरी कळवल्याशिवाय?"

"वहिनी, लेबर ऑफिस कोणत्या रस्त्याला आहे तेसुद्धा मला माहीत नाही," विसाल म्हणाली.

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"बोललात तर माझ्याकडेच बघून."

"गप्प बसा गं दोघी," हज्जा म्हणाली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती, पुढ्यात नुसती भाकर आणि खारट पांढरं चीज. नवरा गेल्यापासून मांस तिच्या घशाखाली उतरत नसे. "मितवल्ली, काय बोलायचंय ते बोल. निवायला लागलंय जेवण."

मितवल्लीने बोटं चाटली, पुसली. त्याच्या बोलण्याला नेहमी अशी सुरुवात असे. "वकिलाकडे जाऊन आलो मी. तो म्हणतो, कायदा दोघांनाच सोडतो. एक, घरकामाला ठेवलेली बाई. दुसरं, मालकाच्या घरची माणसं, ज्यांना तो पोसतो. बाकी जो कोणी हात चालवतो त्याला किमान वेतन. दिलं नाही तर दंड. आणि दंड तुला माहीत आहे आई, सध्या गिऱ्हाईक कसं आहे. दार बंद करावं लागेल."

"मग सोपं आहे की," जिहान म्हणाली. "घरकामाला आहे म्हणून सांगा. भांडी घासतेच की ती."

"त्या बाईने तिच्या हातात वर्खाचा ब्रश पाहिलाय. ती काय आंधळी आहे?"

"आणि माझ्या घरात नफीसाच्या पोरीला कोणी मोलकरीण म्हणायचं नाही," हज्जाने भाकर खाली ठेवली. "मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

विसालला क्षणभर बरं वाटलं. मग तिला वाटलं, भांडी घासताना हे कुणाला का आठवत नाही?

"उस्ता," ती मितवल्लीला म्हणाली. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत, आणि तिला दुसरं काही म्हणायला कोणी शिकवलं नव्हतं. "त्या तिघांना देणार ना तुम्ही?"

"द्यावंच लागेल. करतो काय?"

"मग चौथीलाही द्या. एवढी खलबतं कशाला?"

मितवल्लीचा चेहरा खरोखरच पडला. "त्यांच्या रांगेत बसवतेस स्वतःला? त्यांना गुरुवारी पैसे दिले की माझा त्यांचा संबंध संपला. तुझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर कोण झोपलं होतं? त्या तिघांपैकी एकासाठी तरी झोपलो असतो का मी?"

तो झोपला होता. हे खोटं नव्हतं आणि विसाल ते विसरलेली नव्हती. त्यामुळेच तिला दर वेळी गप्प बसावं लागे. त्या तिघांना गुरुवारी खाली, चारचौघांत पगार मिळे. तिला वर, स्वयंपाकघरात, हज्जा मूठ उघडून हातखर्च देई आणि म्हणे, आणखी लागले तर माग हो. ती कधी मागत नसे. मागावं लागू नये म्हणूनच तर लोक पगार घेतात, असं आता तिला वाटत होतं.

"बाकावर झोपल्याचे वेगळे कापून घ्या," ती म्हणाली.

जिहान फिस्सकन हसली आणि नवऱ्याने पाहताच थांबली.

रिफअत इतका वेळ खाली मान घालून हाड चोखत होता. तो असाच होता. भांडण पेटलं की ताटात बघायचं. तोंडातलं हाड त्याने ताटात ठेवलं आणि म्हणाला, "मी लग्न करतो हिच्याशी."

जिहानच्या हातातला भाताचा चमचा भांड्यावर आपटला.

"बायको म्हणजे घरचीच ना? वर्कशॉप बाबांच्या मागे आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. मालकाची बायको. झालं. कोणाला दंड नाही, कोणाला काही नाही."

हे वाक्य ऐकायला विसाल किती वर्षं थांबली होती ते तिलाच माहीत. तिसऱ्या मजल्याच्या अर्धवट जिन्यात, उघड्या सळयांच्या आडोशाला, रिफअतने तिचा वर्खाने पिवळा झालेला अंगठा हातात धरून सांगितलं होतं, वरचं घर पुरं झालं की. मग प्लास्टर राहिलं. मग हंगाम मंदीत गेला. मग बाबा गेले. मग त्यांना वर्ष होऊ दे म्हणाला. दोन चांगली स्थळं तिने त्या सळयांच्या भरवशावर नाकारली होती. आणि आज, बदकाच्या हाडांवरून, ते वाक्य आलं. तिचं मन उडी मारून वर आलं आणि तिथेच अडकलं.

"आजच का?" तिने विचारलं.

"आजच का म्हणजे? विषय निघाला म्हणून."

"विषय माझ्या पगाराचा निघालाय."

"तू पण ना, विसाल! चांगलं बोललं तरी वास घेत बसतेस. बोललो नव्हतो का मी तुला आधी?"

"बोलला होतास. त्यानंतर वर एक वीट चढली नाही."

हज्जाला यातलं काहीच ऐकू गेलं नसावं. तिचे डोळे भरून आले होते. लग्नात बायका देतात ती आनंदाची आरोळी द्यायला तिने हात ओठांपाशी नेला, जीभ हललीही, आणि तेवढ्यात मितवल्ली बोलला.

"हे लग्न होऊ शकत नाही."

हज्जाचा हात तसाच राहिला.

बायको म्हणजे वरचं घर. बायको म्हणजे प्लास्टर, फरशा, आणि उद्या मुलं झाली की वर्कशॉपची सरळ दोन शकलं. हे सगळं मितवल्लीच्या तोंडावर नव्हतं, पण जिहानच्या होतं. टेबलाखाली तिचा पाय हलला आणि मितवल्लीचा गुडघा दचकला, हे विसालने पाहिलं.

"का होऊ शकत नाही?" रिफअत म्हणाला.

"ती तुझी दूधबहीण आहे. आईने पाजलंय तिला. नफीसा बाळंतपणात तापाने पडली होती ना? तू तेव्हा काही महिन्यांचा होतास. आईने दोघांना पाजलं."

त्या घरात याहून जास्त कोणाला सांगायची गरज नव्हती. एका अंगावरचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं. त्यांची सोयरीक होत नाही, झाली तर टिकत नाही, नुसता विचार मनात आणला तरी पाप. रिफअतचा चेहरा पांढरा पडला. विसालला तो जिना आठवला आणि तिने आपला अंगठा मुठीत लपवला.

"आई, पाजलंस ना?" मितवल्लीने विचारलं.

"हज्जा," विसाल म्हणाली, "खरं सांगा. पाजलं होतं?"

हज्जाने थोरल्या मुलाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग चीजकडे. "पाजलं असेल गं. दोन्ही पोरं एकाच खाटेवर असायची. कोण रडलं, कुणाला उचललं... एवढ्या वर्षांपूर्वीचं कसं सांगू?"

इन्शिराहबाईला आपल्या लग्नात कोणत्या मावशीने कोणत्या रंगाची चादर दिली ते आठवत होतं. कोणाची वाटी परत आली नाही ते आठवत होतं. आणि हे आठवत नव्हतं. पण 'असेल' एवढंही पुरेसं होतं. मशिदीतल्या शेखसाहेबांना विचारलं तर ते काय म्हणणार? शंका आहे तर सोडून द्या. विचारायला नफीसाही नव्हती. विसालला हज्जाचा राग आला. आजवर मितवल्लीचा आला नव्हता असा आला.

"आता बघा," मितवल्ली पाठ टेकवून बसला. "बहीण म्हणजे घरचीच. पगाराचा प्रश्न मिटला, आणि घरचं माणूस घरात राहिलं. हिचं चांगलं स्थळ बघून लग्नसुद्धा मी करून देईन. भाऊ आहे मी तिचा."

"हे तुला आजपर्यंत आठवलं नाही?" रिफअत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण तो भावाशी भांडत होता. विसालकडे त्याने अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

"आजपर्यंत तू लग्नाचं बोलला नव्हतास."

दारावरची बेल वाजली.

जिहानने दार उघडलं आणि मागे सरली. लेबर ऑफिसची बाई, मुफीदा तिचं नाव, खांद्यावरची पिशवी सावरत आत आली. बाईचे पाय सुजले होते. तिने न विचारता दाराजवळची खुर्ची ओढली आणि पाणी मागितलं. हज्जाने बदकाकडे हात केला, तर म्हणाली, "नको, आई. मी इथे जेवले की लोक काय काय बोलतात."

"मॅडम, एक विचारू?" जिहान गोड आवाजात म्हणाली. "आमच्याबद्दल कोणी तक्रार केली?"

"तक्रार कशाला हवी? अख्खी गल्ली तपासतेय मी. तुमच्या आधी अठरा जिने चढले." मुफीदाबाईने पाणी संपवलं. जिहानने विसालच्या नजरेला नजर दिली नाही. "हां, तर ती खालची मुलगी. हीच ना? ही कोण तुमची?"

"दूधबहीण," मितवल्ली म्हणाला. "माझ्या आईने तिला पाजलंय. घरचीच आहे. खाणंपिणं, कपडालत्ता, सगळं मीच बघतो."

मुफीदाबाई पेन काढायच्या बेतात होती, ती थांबली आणि हसली. "उस्ता, कमाल करता. दुधाचं नातं देवाघरी मोठं, मी पण मानते. पण ते लग्नाला आड येतं, पगाराला नाही. दूधबहिणीला तुमच्यामागे वारसा तरी मिळतो का? नाही ना? मग तिचा पगार कसा बुडवता? रक्ताची असती, बायको असती, तर गोष्ट वेगळी."

मितवल्लीचं तोंड उघडं राहिलं. जे एकच नातं विसालला फुकटात राबवू शकत होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने, आत्ता, या टेबलावर मोडलं होतं. विसालला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण पुढे काय होणार ते तिला दिसायला लागलं.

"आई," मितवल्ली मऊ आवाजात म्हणाला, "जरा नीट आठव बरं."

"काय?"

"म्हणजे, खात्री आहे का तुला? पाजलंच होतंस?"

"तुम्हीच सांगायचात ना," जिहानने टेकू दिला, "डब्याचं दूध आणायचे म्हणून? बाबा पोर्टसईदहून आणायचे?"

हज्जाच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखा उजेड आला. "हो गं बाई! डब्याचंच. हिने माझं घेतलंच नाही. जवळ घेतलं की तोंड फिरवायची. अल्लाशपथ, एक थेंब नाही."

आणि आता ती खरं बोलत असावी. किंवा मघाशी बोलत असावी. दोन्ही वेळी चेहरा तसाच होता, प्रेमळ, थोडा घाबरलेला. आपल्या तोंडात कोणाचं दूध गेलं हे विसालला या जन्मी कळणार नव्हतं, कारण ज्यांना विचारायचं ते आधी मितवल्लीकडे बघणार होते.

"झालं तर!" रिफअत उठून उभा राहिला. आता त्याने विसालकडे पाहिलं, हसून, जिन्यातल्यासारखं. "मॅडम, ती माझी बायको आहे. म्हणजे होणारी."

"होणारी चालत नाही," मुफीदाबाई म्हणाली. "आज ती कोण आहे, तेवढं सांगा. आज संध्याकाळपर्यंत मला गल्ली संपवायचीय."

"रिफअत," विसाल म्हणाली.

"काय?"

"मॅडमना सांग. आज मी कोण आहे?"

त्याला कळलं नाही असं नव्हतं. त्याला कळलं, हे तिने त्याच्या मानेवरून ओळखलं. ती मान आता खाली जाऊ लागली होती. एवढंच म्हणायचं होतं त्याने, की ही आमच्याकडे काम करते, तिचा पगार लिहा. मग उद्या, परवा, त्याने लग्नाचं विचारलं असतं, तर ती नेसत्या कपड्यांनिशी काजीसमोर जाऊन बसली असती. प्लास्टर नसलेल्या घरात राहिली असती. पगार सुरू झाल्यावरसुद्धा त्याने विचारलं, एवढंच तिला हवं होतं. तिने मनातल्या मनात त्याला हात जोडले.

रिफअतने घसा खाकरला. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही असं करा ना. दोन आठवड्यांनी या. तोवर निकाह करून टाकतो आम्ही. मग कुणालाच त्रास नाही."

मितवल्लीने पहिल्यांदाच धाकट्या भावाकडे कौतुकाने पाहिलं.

विसालने श्वास रोखला होता, तो सोडला. तिला वाटलं होतं फार दुखेल. दुखलं, पण त्याहून जास्त लाज वाटली, की एवढी वर्षं आपण या माणसाच्या जिन्यात बसून होतो.

"दोन आठवडे कशाला?" ती म्हणाली. "लिहा, मॅडम. विसाल अब्दुलमौजूद. वर्ख आणि पॉलिशचं काम. सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत."

"विसाल!" मितवल्ली ओरडला.

"तुम्ही ओरडू नका, उस्ता," मुफीदाबाई लिहीत म्हणाली. "मालकांशी नातं?"

खोलीत सगळे विसालकडे पाहत होते. हज्जाने मान हलवून तिला काहीतरी खुणावलं, बहुधा 'नाही' असंच. विसालला तिची कीव आली.

"दूधबहीण," ती म्हणाली. "या दोघांची."

"अगं, पण मी आत्ताच सांगितलं ना, मी तुला..." हज्जा म्हणाली.

"तुम्ही आधी सांगितलंत ते मी ऐकलं, हज्जा. पाजलं असेल, म्हणालात. असेल तेवढं मला पुरे. मॅडम, त्याने पगार अडत नाही ना?"

"मघाशीच सांगितलं. पगाराला नाही अडत." मुफीदाबाईने पेन थांबवून तिच्याकडे नीट पाहिलं. "लग्नाला अडेल. लिहू?"

"लिहा."

सही करून विसाल खाली निघाली. वर्ख अर्धा लागला होता आणि खुर्च्या उद्या सकाळी गिऱ्हाइकाकडे जायच्या होत्या. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिला रडू फुटलं. तिने कठड्याला धरलं आणि तोंडावर हात घेऊन रडून घेतलं, कारण खाली तिघे कारागीर होते आणि त्यांच्यासमोर तिला आजपासून चौथी म्हणून उभं राहायचं होतं.

वरून दार उघडल्याचा आवाज आला. रिफअत धावत दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"विसाल. ऐक ना. असं काय करतेस? माझ्याकडे बघ तरी."

तिने डोळे पुसले, वळून त्याच्याकडे पाहिलं.

"बोल, दादा," ती म्हणाली.